विषाणूच्या मागून आलेले

कोरोनाची साथ ऐन भरात असताना जगभरातल्या सगळ्या बाधितांच्या अंगातले विषाणू गोळा करून तराजूत टाकले असते, तर किती वजन भरलं असतं? २०२१ साली काही शास्त्रज्ञांनी हा हिशेब खरोखरच मांडला. उत्तर आलं शंभर ग्रॅम ते दहा किलो. अख्ख्या जगाला घरात कोंडून ठेवणाऱ्या विषाणूचा एकूण ऐवज एवढाच! एका माणसापुरतं बोलायचं, तर संसर्ग शिगेला पोचलेला असताना अंगात शंभर कोटी ते दहा हजार कोटी विषाणू असतात आणि त्या सगळ्यांचं मिळून वजन भरतं एक ते शंभर मायक्रोग्रॅम. मिठाचे फार तर एक-दोन कण.

एवढ्याशा गोष्टीने धडधाकट माणूस आडवा होतो म्हटल्यावर विषाणूची दहशत वाटणारच. पण अतिदक्षता विभागात दोन-तीन आठवडे काढलेल्या रुग्णांच्या कागदपत्रांत आणखीही नावं भेटतात. क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, कँडिडा, अ‍ॅस्परजिलस, ऱ्हायझोपस. यांतलं कुणीच नवं नाही. माती, हवा, पाण्याचा नळ, आपली त्वचा, आपलं आतडं हे त्यांचे जुने पत्ते. विषाणूने शरीराची तटबंदी पाडली की ते आत शिरतात. काही साथींत विषाणूपेक्षा यांनीच जास्त बळी घेतले, काहींत त्यांचा वाटा लहान राहिला, पण प्रत्येक साथीत ते आलेच. आणि त्यांच्याबद्दल कळकळीने लिहावंसं वाटतं ते एवढ्यासाठी, की विषाणूपुढे आपण हतबल असतो तेव्हाही या मागून येणाऱ्यांपुढे पूर्ण हतबल नसतो.

आधी त्यांची मापं पाहू. कोरोनाचा विषाणू सुमारे ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे एक मिलिमीटर लांबीत दहा हजार बसतील एवढा. क्लेबसिएला हा जिवाणू एक-दोन मायक्रॉन लांबीचा. ऐकायला फरक दहा-वीस पटींचा, पण आकारमानाचा हिशेब केला तर एका जिवाणूत अडीच-तीन हजार विषाणू मावतात. ऱ्हायझोपस, म्हणजे म्युकरमायकोसिस हा आजार घडवणारी बुरशी, आणखी मोठी. तिचा एक बीजाणू पाच मायक्रॉनचा धरला तर त्यात सव्वा लाख विषाणू बसतील. बीजाणू रुजून जो तंतू निघतो, त्याची रुंदी सहा ते पंचवीस मायक्रॉन. आपल्या केशवाहिन्या असतात पाच ते दहा मायक्रॉनच्या. ज्या नळीतून रक्त वाहायचं, त्या नळीपेक्षा जाड तंतू वाढत जातो म्हटल्यावर पुढे काय होणार हे वेगळं सांगायला नको.

जनुकीय मजकुराचंही तसंच. फ्लूच्या विषाणूची सगळी संहिता साडेतेरा हजार अक्षरांची, कोरोनाची तीस हजारांच्या आसपास. क्लेबसिएलाची पंचावन्न लाख. ऱ्हायझोपसची साडेचार कोटी. विषाणूला पेशीबाहेर काहीच करता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या चुलीवर शिजवावं लागतं. जिवाणू आणि बुरशी यांचा संसार स्वतंत्र असतो. त्यांना अन्न, ओल आणि ऊब मिळाली की पुरे. आजारी माणसाच्या शरीरात हे तिन्ही असतं.

एरवी हे सगळे बाहेर कसे राहतात, हे खरं नवल आहे. आपण दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत घेतो. त्या हवेतून अ‍ॅस्परजिलसचे शेकडो बीजाणू रोज आपल्या छातीत जातात. तुमच्याही गेले असतील, आज सकाळपासून. फुफ्फुसात सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात, प्रत्येक जेमतेम पाव मिलिमीटरचा, आणि ते सगळे ओलसर, उबदार. तरीही तिथे काही उगवत नाही. कारण श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर झाडलोट अखंड चालू असते. अस्तराच्या एकेका पेशीला सुमारे दोनशे सूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला दहा ते वीस वेळा हलतात आणि वरचा चिकट थर, त्यात अडकलेल्या धुळीसकट आणि जंतूंसकट, घशाकडे ढकलत नेतात. सेकंदाला बारा हा वेग धरला तरी एका केसाचे दिवसाला दहा लाखांहून अधिक फटके झाले. एवढं करूनही जे निसटतात, त्यांना गाठायला पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल या एकाच जातीच्या पेशी आपली अस्थिमज्जा रोज दहा हजार कोटींच्या घरात तयार करते.

फ्लूचा विषाणू घाव घालतो तो नेमका या केसाळ पेशींवर. दोन-तीन दिवसांत अस्तर सोलवटून निघतं आणि खालचा थर उघडा पडतो. झाडलोट थांबते. विषाणूपाशी साखरेच्या साखळ्या तोडणारं एक विकर असतं, ते पेशींवरची शर्करा कापतं आणि न्यूमोकोकस या जिवाणूला चिकटायला जागाही मिळते, खायला अन्नही. शिवाय विषाणूशी लढताना शरीर जे संदेश सोडतं, त्यांमुळे जिवाणूंवर तुटून पडणाऱ्या पेशी काही दिवस मंदावतात. २००२ साली अमेरिकेत उंदरांवर एक प्रयोग झाला. आधी फ्लूचा संसर्ग आणि सातव्या दिवशी न्यूमोकोकस, असा क्रम ठेवला तर शंभर टक्के उंदीर मेले. क्रम उलटा केला, आधी जिवाणू आणि मग विषाणू, तर उंदरांना फ्लूपासून उलट संरक्षण मिळालं. मारेकरी तेच दोघे, फक्त क्रम बदलला.

हा सातवा दिवस माणसांच्या नोंदींतही सापडतो. १९१८ च्या फ्लूत सैनिकांच्या ज्या नोंदी राहिल्या, त्यांत आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ साधारण सात ते दहा दिवसांचा आहे. विषाणूचा जोर ओसरायला लागतो त्या सुमाराला माणसं गेली.

त्या साथीने जगात पाच कोटींच्या आसपास माणसं नेली असं मानतात. एकट्या हिंदुस्थानातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आहेत. मुंबईत पहिली लाट आली जून १९१८ मध्ये, गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई आजारी पडले तिथून. दुसरी, भयंकर लाट पावसाळ्यानंतर आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. तेव्हा शहराची वस्ती दहा लाखांच्या आसपास होती. आजच्या सव्वा कोटींच्या मुंबईला तेच प्रमाण लावलं तर एका दिवसात साडेनऊ हजार मृत्यू होतात. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतलं एकमेव दशक असं, की लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली: २५ कोटी २१ लाखांवरून २५ कोटी १३ लाखांवर.

ही माणसं कशाने गेली याचा छडा लागायला नव्वद वर्षं जावी लागली. १८९२ साली रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने फ्लूच्या रुग्णांत एक जिवाणू पाहिला आणि हाच फ्लूचं कारण असं जाहीर केलं. १९१८ मध्ये डॉक्टर त्याच जिवाणूचा शोध घेत होते. काहींना तो सापडला, काहींना न्यूमोकोकस सापडला, काहींना स्ट्रेप्टोकोकस, आणि सगळा गोंधळ उडाला. खरा विषाणू १९३३ मध्ये लंडनमध्ये सापडला आणि मग पारडं दुसऱ्या टोकाला गेलं. विषाणूने सगळ्यांना मारलं, जिवाणूंचं काही महत्त्व नाही, असं धरून चाललं गेलं. २००८ साली डेव्हिड मोरेन्स, जेफ्री टॉबेनबर्गर आणि अँथनी फाउची यांनी जुनं दप्तर उघडलं. १९१८-१९ मध्ये शवविच्छेदन झालेल्या ५८ जणांच्या फुफ्फुसांचे तुकडे जतन करून ठेवलेले होते. त्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिले. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न फुफ्फुसांत जिवाणूंच्या गंभीर न्यूमोनियाच्या खुणा होत्या. जोडीला त्यांनी त्या काळात छापले गेलेले शवविच्छेदनांचे १०९ अहवाल वाचले, त्यांत ८,३९८ शवांची माहिती होती. त्यांतल्या भरवशाच्या अहवालांत फुफ्फुसाच्या नमुन्यांतून जिवाणू वाढल्याचं प्रमाण ९२ टक्क्यांहून जास्त निघालं. बहुतेक मृत्यू विषाणू आणि जिवाणू यांच्या संगनमताने झाले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आणि १९१८ मध्ये पेनिसिलिन सापडायला अजून दहा वर्षं होती.

त्या निष्कर्षाला दुसऱ्याच वर्षी पुष्टी मिळाली. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला, भारतातला त्याचा पहिला बळी ऑगस्टमध्ये पुण्यात गेला. अमेरिकेत त्याच साथीत दगावलेल्या ७७ जणांच्या फुफ्फुसांचे नमुने तपासले तेव्हा २२ जणांत जिवाणूंचा संसर्ग निघाला. अँटिबायोटिक्स हाताशी असलेल्या काळातही दर दहांत तिघे. २०१८ साली बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या सात अतिदक्षता विभागांचा अहवाल आला, त्याने तर बुरशीकडेही लक्ष वेधलं. फ्लूने अत्यवस्थ झालेल्या ४३२ रुग्णांपैकी ८३ जणांच्या फुफ्फुसांत अ‍ॅस्परजिलस घुसली होती. रोज शेकड्यांनी श्वासात जाणारी तीच बुरशी. तिची लागण झालेल्यांपैकी निम्मे तीन महिन्यांच्या आत गेले, न झालेल्यांपैकी २८ टक्के.

आता कोरोनाकडे येऊ. इथे चित्र १९१८ पेक्षा निराळं आहे, आणि ते निराळेपण नीट समजून घेतलं नाही म्हणून आपलं बरंच नुकसान झालं. दाखल होतानाच जिवाणूंचा संसर्ग घेऊन आलेले कोरोनाचे रुग्ण फार थोडे होते, २०२० च्या आकडेवारीत साडेतीन टक्के. संसर्ग व्हायचा तो नंतर, रुग्णालयात, व्हेंटिलेटरवर.

व्हेंटिलेटरची नळी सात-आठ मिलिमीटर व्यासाची असते. ती घशातून श्वासनलिकेत जाते आणि टोकाजवळचा छोटा फुगा फुगवून जागेवर बसवतात. त्या एका नळीने खोकला बंद होतो, केसाळ अस्तराची झाडलोट नळीपाशी अडते आणि तोंडातली लाळ फुग्याच्या वर साचून थेंबाथेंबाने खाली झिरपत राहते. नळीच्या आतल्या बाजूला जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. म्हणून नर्स दर काही तासांनी बारीक नळी आत सरकवून स्राव ओढून काढते, त्याचा रंग पाहते, तो पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला की डॉक्टरांना सांगते. उशाकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर ठेवायची, तोंड स्वच्छ करत राहायचं, हात धुवायचे, रुग्ण शुद्धीवर येतो का आणि नळी काढता येते का हे रोज तपासायचं. या कामांना यंत्र लागत नाही, माणसं लागतात. एका नर्सकडे एक किंवा दोन रुग्ण असायला हवेत तिथे कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत किती होते, हे त्या वॉर्डांत राबलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पीपीई किट घालून सहा-सहा तास उभ्या असलेल्या त्या बायकांनी किती न्यूमोनिया टाळले असतील याची मोजदाद कुठल्याच तक्त्यात नाही.

एक चूक किती महाग पडते ते पाहा. क्लेबसिएला पोषक वातावरणात साधारण वीस मिनिटांनी दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. दहा तासांत तीस वेळा दुप्पट, म्हणजे एका जिवाणूचे १,०७,३७,४१,८२४. रात्री दहाला आत गेलेला एक, सकाळी आठच्या राउंडला एकशे सात कोटी. शरीरात इतकं मोकळं रान अर्थातच नसतं, पांढऱ्या पेशी त्यांना खात असतात. पण त्या थकल्या असतील, किंवा औषधांनी दबल्या असतील, तर गणित या आकड्याच्या दिशेने सरकू लागतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातल्या दहा रुग्णालयांची जून ते ऑगस्ट २०२० ची माहिती एकत्र केली. दाखल झालेले कोरोना रुग्ण १७,५३४. त्यांपैकी नंतर जिवाणू वा बुरशीची लागण झालेले ३.६ टक्के. हा आकडा वाचून कुणीही म्हणेल, यात विशेष ते काय? पण पुढचा आकडा वाचा. सगळ्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण होतं १०.६ टक्के आणि या दुसऱ्या लागणीच्या रुग्णांत ५६.७ टक्के. दोन्ही माणसांत मोजू. ३.६ टक्के म्हणजे सुमारे ६३० रुग्ण, त्यांतले साधारण ३६० गेले. एकूण मृत्यू १,८६० च्या आसपास. म्हणजे शंभरांत चारही न भरणाऱ्या या रुग्णांकडे एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. आधीच अत्यवस्थ असलेल्यांनाच ही लागण होते, त्यामुळे प्रत्येक मृत्यू तिच्याच माथी मारता येणार नाही, हे खरं. तरीही पाचवा हिस्सा हा पाचवा हिस्सा आहे.

सर्वाधिक सापडले क्लेबसिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर, आपल्या रुग्णालयांत मुरलेले आणि बहुतेक औषधांना न जुमानणारे. कार्बापेनेम ही राखीव ठेवायची औषधं, पण भारतातल्या रुग्णालयांत सापडणाऱ्या दहा अ‍ॅसिनेटोबॅक्टरपैकी आठांहून अधिकांवर ती चालत नाहीत. दिल्लीतल्या एका अतिदक्षता विभागात २०२० च्या एप्रिल ते जुलैमध्ये कोरोनाच्या ५९६ रुग्णांपैकी पंधरा जणांच्या रक्तात कँडिडा ही बुरशी शिरली. पंधरांतल्या दहांत ती कँडिडा ऑरिस जातीची होती. ही जात माणसाला माहीत झाली तीच मुळी २००९ मध्ये, जपानमधल्या एका रुग्णाच्या कानात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मांडलेले दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायला हवेत. ६५ देशांतल्या साडेचार लाख कोरोना रुग्णांची ही माहिती. अँटिबायोटिक्स लागावीत असा जिवाणूंचा संसर्ग होता ८ टक्क्यांना. अँटिबायोटिक्स दिली गेली ७५ टक्क्यांना. शंभर रुग्णांमागे सदुसष्टांच्या पोटात विनाकारण औषध गेलं. त्यांचा फायदा शून्य, आणि त्यांच्या आतड्यातले साधे जिवाणू मरून चिवट तेवढे उरले. पुढे त्यांच्यापैकी जे व्हेंटिलेटरवर गेले, त्यांना गाठायला हेच चिवट जिवाणू तयार होते. घाबरलेल्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. रुग्ण डोळ्यांदेखत खालावत असताना हात बांधून बसणं कठीणच असतं. दोष आहे तो तपासणीच्या सोयींच्या अभावाचा. जंतू वाढवून कोणता आहे हे सांगणारी प्रयोगशाळा जवळ नसली की सरसकट औषध देणं भाग पडतं.

मग आला २०२१ चा मे महिना. देशात एका दिवसात ४ लाख १४ हजार नवे रुग्ण सापडले तो हा महिना, आणि कान-नाक-घशाच्या वॉर्डांत वेगळेच रुग्ण भरू लागले तोही हाच. कोरोनातून बरे होऊन घरी गेलेली माणसं गालाला बधिरपणा आला, वरचे दात हलायला लागले, एक डोळा सुजला, एकाचे दोन दिसतात, नाकातून काळपट काही येतं अशा तक्रारी घेऊन परत येत होती. अनेकांची पहिली गाठ पडली ती दंतवैद्यांशी.

नाकाच्या आतून खरवडून काढलेला छोटा तुकडा काचपट्टीवर ठेवतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. मांस विरघळून पारदर्शक होतं, बुरशी तेवढी उरते. भिंगाखाली रुंद, रिबिनीसारख्या चपट्या, मध्ये पडदे नसलेल्या फांद्या दिसतात, मूळ तंतूला जवळजवळ काटकोनात फुटलेल्या. म्युकरमायकोसिस आहे हे अर्ध्या तासात कळतं. प्रयोगशाळेतल्या बशीत ही बुरशी दोन-तीन दिवसांत कडेपर्यंत पोचून झाकणाला टेकते. शरीरात ती रक्तवाहिनीची भिंत भेदते, आत वाढते, रक्त गोठवते. पुढचा भाग रक्तावाचून मरतो आणि काळा पडतो. मेलेल्या भागात रक्त पोचत नाही, म्हणजे शिरेतून दिलेलं औषधही पोचत नाही. म्हणून मेलेलं सगळं कापून काढण्यावाचून गत्यंतर नसतं. सायनस, टाळू, वरचा जबडा, डोळा. जबडा काढल्यावर तोंड आणि नाक एक होतं, पाणी पिताना ते नाकातून येतं, बोललेलं कळत नाही. मग दंतवैद्य साचा घेऊन कृत्रिम टाळू बसवतात. महाराष्ट्रात आज अशी टाळू लावून जेवणारी माणसं गावोगाव आहेत.

२८ जून २०२१ पर्यंत देशात या आजाराचे ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी ३१,३४४ जणांत बुरशी नाकातून डोळा-मेंदूच्या दिशेने गेलेली होती. ३४,९४० जणांना कोरोना होऊन गेला होता. २६,१८७ जणांना मधुमेह होता, २१,५२३ जणांनी स्टेरॉइड घेतलेलं होतं. १३,०८३ जण १८ ते ४५ वयोगटातले, संसाराची जबाबदारी असलेले. मृत्यू नोंदले गेले ३,१२९. या शेवटच्या आकड्यावर विसंबू नये, कारण त्या दिवशी हजारो जण अजून खाटेवर होते. त्याआधी, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात, देशातल्या सोळा रुग्णालयांनी म्युकरच्या २८७ रुग्णांचा मागोवा घेतला होता, त्यांतले जवळपास ४६ टक्के बारा आठवड्यांत गेले. नोव्हेंबर २०२१ अखेर देशाची नोंद ५१,७७५ वर पोचली. राज्यांत महाराष्ट्र पहिला होता, जुलैतच नऊ हजारांच्या पुढे.

गंमत नव्हे, शोकांतिका अशी की यातला एक धागा जीव वाचवणाऱ्या औषधाकडे जातो. १६ जून २०२० ला ब्रिटनमधून बातमी आली की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणतं. दर आठ रुग्णांमागे एक जीव वाचला. मात्रा होती रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. त्याच अहवालात पुढे हेही होतं की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना काहीच फायदा दिसला नाही, उलट औषध घेतलेल्यांत मृत्यू १७.८ टक्के आणि न घेतलेल्यांत १४ टक्के होते. अहवालाचा पहिला भाग घरोघर पोचला, दुसरा पोचला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चिठ्ठ्यांवरून, तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, दुप्पट-चौपट मात्रेत लोकांनी स्टेरॉइड घेतलं. स्टेरॉइड पांढऱ्या पेशींना थंड करतं आणि रक्तातली साखर चढवतं. साखर फार चढून रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटं होतं, आणि ही बुरशी लोहावर पोसते. साखर, आम्ल, लोह, सुस्तावलेल्या पांढऱ्या पेशी, हे सगळं एका माणसात एका आठवड्यात जुळून आलं.

औषधाचा हिशेबही डोळे फिरवणारा आहे. म्युकरवर चालणारं मुख्य औषध अ‍ॅम्फोटेरिसिन. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून १९५० च्या दशकात ते मिळालं. मूळ औषध मूत्रपिंडाला झोडपतं, म्हणून ते चरबीच्या बारीक गोळ्यांत गुंडाळून देतात. या गोळ्या ०.१ मायक्रॉनहूनही लहान असतात, म्हणजे कोरोनाच्या विषाणूपेक्षाही थोड्या लहान. किलोमागे पाच मिलिग्रॅम ही मात्रा धरली तर साठ किलोच्या माणसाला रोज तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे पन्नास मिलिग्रॅमच्या सहा कुप्या. चार आठवड्यांत १६८. त्या दिवसांत सात हजारांच्या आसपास असलेला कुपीचा भाव लावला तर ११ लाख ७६ हजार रुपये. आणि देशभरच्या ५१,७७५ रुग्णांना पूर्ण चार आठवडे द्यायचं, तर सत्याऐंशी लाख कुप्या. एवढ्या कुप्या कुठून येणार होत्या? पुण्या-नागपुरात, औरंगाबाद-नाशकात नातेवाईक हातात चिठ्ठी घेऊन मेडिकल दुकानांमागून दुकानं पालथी घालत होते आणि वाटप जिल्हा प्रशासनाकडे गेल्यावर तिथे रांगा लावत होते. राज्याने उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत घेतले. मे अखेरीस वर्ध्यातल्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने अ‍ॅम्फोटेरिसिनचं इमल्शन बाराशे रुपयांत बनवायला सुरुवात केली, जूनमध्ये औषधावरचा जीएसटी शून्यावर आला. दिवसांची किंमत इथे जीवात मोजावी लागते. रक्ताच्या कर्करोगाच्या म्युकर झालेल्या ७० रुग्णांच्या एका जुन्या अभ्यासात, निदानानंतर सहा किंवा अधिक दिवस उशिरा औषध सुरू झालेल्यांतले ८३ टक्के गेले होते, वेळेत मिळालेल्यांतले ४९ टक्के.

२० मे २०२१ ला केंद्राने राज्यांना सांगितलं की १८९७ च्या साथरोग कायद्याखाली म्युकरचा प्रत्येक रुग्ण कळवणं बंधनकारक करा. म्हणून ५१,७७५ हा आकडा आपल्याकडे आहे. कोरोनापूर्वी असा आकडाच नव्हता, होते ते गणिती अंदाज. त्या अंदाजांनुसार भारतात दर दहा लाखांत १४० जणांना हा आजार होत असे, जगाच्या सुमारे सत्तर पट. वर्षाला अंदाजे १ लाख ७० हजार रुग्ण आणि ६५ हजार मृत्यू. हे प्रतिमान आहे, मोजणी नव्हे, आणि ते निम्म्याने चुकलं असं धरलं तरी साथीच्या वर्षी ज्या संख्येने देश हादरला तिच्याहून जास्त रुग्ण एरवी दर वर्षी होऊन जात होते, कुठल्याही नोंदीशिवाय.

चंडीगडच्या पीजीआय संस्थेत अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी हे रुग्ण कित्येक वर्षं मोजत होते. त्या एका रुग्णालयात १९९० च्या दशकात वर्षाला सरासरी १२.९ रुग्ण येत. २००० ते २००४ मध्ये वर्षाला ३५.६. त्यानंतरच्या दीड वर्षात, २००६-०७ च्या सुमाराला, वर्षाला ५०. तोवर कोरोनाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटी दहा लाख निघाली, आणि पुढच्या वेळी कुठल्याही नावाचा श्वसनाचा विषाणू आला तरी हीच दहा कोटी माणसं त्याच्या वाटेत असतील.